दहा मीटरची एअर रायफल: पैसे देण्याआधीची तपासणी

शालेय स्पर्धेत मुलाने किंवा मुलीने क्लबच्या रायफलने बरे गुण मारले की घरात प्रश्न येतोच: आता स्वतःची रायफल घ्यायची का, आणि घ्यायची तर कोणती? वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, अनशुट्झ, स्टायर ही नावं कानावर पडतात. किमती ऐकून धडकी भरते. मग कुणीतरी पुण्यात एक जुनी पण चांगली रायफल विकायला आहे असं सांगतं, आणि दोन दिवसांत हो-नाही कळवायचं असतं. त्या दोन दिवसांत नेमकं काय बघायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे.

वर नाव घेतलेल्या कंपन्यांच्या मॅच (स्पर्धेच्या) रायफलीचं बॅरल, म्हणजे नळी, नव्या नेमबाजाच्या हातापेक्षा कितीतरी सरस असतं. त्यात फरक शोधत बसू नका. बीड, हिंगोली किंवा धाराशिवला लाखांची रायफल कपाटात पडून राहते ती हवेमुळे. सिलिंडर गळतं, भरायची सोय जवळ नसते, पाच मिलिमीटरची ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) गावात मिळत नाही आणि दुरुस्तीला रायफल पुण्या-मुंबईला पाठवली की मुलाचा हंगाम जातो. म्हणून आपल्याकडे तपासणीचा क्रम असा ठेवा: आधी हवा, मग ट्रिगर, मग साईट (नेम धरायचा भाग), आणि बॅरल सगळ्यात शेवटी.

प्रकार आणि कायदा

भारतात सेमी-ऑटोमॅटिक रायफल (एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरणारी) सामान्य माणसासाठी खुली नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ती निर्बंध असलेल्या वर्गात येते, त्यामुळे तिच्या मागे लागण्यात अर्थ नाही. खेळासाठी घ्यायची ती एअर रायफल. तिचा बोअर (नळीचा आतला व्यास) ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ताकद २० जूलपर्यंत असेल तर शस्त्र परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो, तो द्यावा.

एअर रायफलीत तीन प्रकार हाताला लागतात. पहिली स्प्रिंगची, बॅरल मोडून कॉक करायची, म्हणजे शॉटसाठी ताणून ठेवायची. दुसरी गॅस पिस्टनची: तिच्यात स्प्रिंगऐवजी नायट्रोजन भरलेली बंद नळी असते. कॉक करून ठेवली तरी गॅस पिस्टन स्प्रिंगसारखा थकत नाही, आवाजही कमी करतो. पण धक्का दोन बाजूंनी बसतोच, कारण आतला जड पिस्टन पुढे धावतो आणि हवेच्या उशीवर आपटून परततो. पेलेट, म्हणजे शिशाची छोटी गोळी, अजून बॅरलमध्येच असतं तोवर रायफल हललेली असते. शिवाय त्या नळीतला गॅस काही वर्षांनी कमी झाला तर घरी भरता येत नाही, अख्खी नळी बदलावी लागते. तिसरी पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी. तिला धक्का जवळजवळ नसतो. पीप साईट गटात (मागच्या साईटच्या बारीक भोकातून नेम धरतात तो गट) पुढे जायचं असेल तर हीच घ्यावी लागते. शालेय ओपन साईट (उघड्या खाचेतून नेम धरायच्या) गटातल्या पहिल्या वर्षासाठी स्प्रिंगची किंवा गॅस पिस्टनची साधी रायफल पुरते.

गॅस पिस्टन रायफलीच्या जाहिरातीत 'सेकंदाला १००० फूट' असा दावा दिसला तर थांबून हिशेब करा. १००० फूट म्हणजे सुमारे ३०५ मीटर. अर्ध्या ग्रॅमचं पेलेट त्या वेगाने गेलं तर ताकद २३ जूलच्या वर जाते, म्हणजे परवान्याची मर्यादा ओलांडली. बहुधा तो आकडा फारच हलकं पेलेट वापरून काढलेला असतो. दहा मीटरच्या मॅच रायफलीचा वेग सेकंदाला १७० ते १७५ मीटर असतो आणि ताकद साडेसात-आठ जूल. तेवढ्यावर जागतिक विक्रम होतात. वेग विकत घेऊ नका.

इथून पुढचं सगळं पीसीपीबद्दल आहे.

पहिली संध्याकाळ: सिलिंडर

रायफल हातात आली की स्टॉकचा (रायफलीच्या दस्त्याचा) रंग बघायच्या आधी सिलिंडरवरचा शिक्का वाचा. त्यावर बनवल्याचा महिना-वर्ष आणि कमाल दाब कोरलेला असतो, बहुतेक ठिकाणी २०० बार (बार हे दाबाचं माप). बहुतेक जर्मन मॅच सिलिंडरांची वापराची मुदत दहा वर्षं असते. मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेच्या उपकरण तपासणीत अडकू शकतं, आणि भरताना जवळ उभं राहायलाही ते सुरक्षित नाही. आठ-नऊ वर्षांची रायफल घेत असाल तर नव्या सिलिंडरची किंमत आधी विचारा आणि ती मागितलेल्या रकमेतून वजा करूनच बोला. सिलिंडरवर खोल ओरखडा, पोचा किंवा आट्यांजवळ पांढरट गंज दिसला तर ते सिलिंडर शून्य किमतीचं धरा.

आता हवा भरा. सावकाश भरा, कारण भरताना हवा तापते. घाईने २०० बारवर नेलेलं सिलिंडर थंड झालं की गेजचा (दाब दाखवणाऱ्या तबकडीचा) काटा दहा-पंधरा बार खाली येतो आणि नवखा माणूस त्याला गळती समजतो. भरल्यावर अर्धा तास थांबा, मग गेजचा मोबाईलवर फोटो काढा, खोलीचं तापमान लिहून ठेवा आणि रायफल तशीच ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, साधारण त्याच तापमानाला, पुन्हा फोटो काढा. दोन फोटोंत काट्याच्या जाडीपेक्षा जास्त फरक पडला असेल तर रायफल गळते आहे.

तापमान लिहायला सांगतो त्याला कारण आहे. बंद सिलिंडरमधला दाब तापमानाबरोबर वाढतो. सकाळी २५ अंशाला २०० बार भरलेलं सिलिंडर ४५ अंशाला २१३ बार दाखवेल. बंद गाडीत आतलं तापमान ६० अंशांवर गेलं तर तेच २२३ बार. मे महिन्यात नांदेड-परभणीकडे पत्र्याच्या छताखाली ठेवलेली रायफलही अशीच तापते. म्हणून मार्च ते जून सिलिंडर १७०-१८० बारच्या वर भरू नका, आणि उन्हातल्या गाडीत रायफल ठेवू नका. शॉट्स थोडे कमी मिळतील, त्याने काही बिघडत नाही. भरलेल्या सिलिंडरवर आकारानुसार साधारण २०० ते ४०० शॉट्स निघतात आणि नव्या मुलाचा रोजचा सराव ६० ते १०० शॉट्सचा असतो.

गळती सापडली तर कुठून आहे ते शोधा. वाटीत पाणी आणि दोन थेंब भांड्याचा साबण घेऊन रंगाच्या बारीक ब्रशने एकेक सांध्यावर लावा: सिलिंडर जिथे रायफलीला बसतं ती जागा, हवा भरायचं तोंड, गेजची कड. बुडबुडे दिसतील. मग कोरड्या फडक्याने नीट पुसून घ्या. सिलिंडरच्या तोंडाची ओ-रिंग गळत असेल तर काम सोपं आणि स्वस्त. सिलिंडर काढून ठेवलं तरी ते स्वतःच गळत असेल तर दोष त्याच्या व्हॉल्व्हमध्ये. बहुतेक वेळा तिथे धुळीचा कण बसलेला असतो. काळ्या रानातली उन्हाळी धूळ फार बारीक असते. भरायच्या तोंडाचं टोपण हरवलं की ती थेट व्हॉल्व्हच्या बैठकीवर जाऊन बसते. टोपण नसलेली रायफल दिसली की मालकाने ती कशी ठेवली असेल याचा अंदाज येतो.

हवा कुठून भरणार, हे रायफल घेण्याआधी ठरवा. क्लबचा कॉम्प्रेसर असेल तर त्याचा फिल्टर कधी बदलला ते विचारा. हातपंप घ्यायचा तर तीन टप्प्यांचा घ्या, थोडं मारून त्याला थंड होऊ द्या आणि प्रत्येक वेळी तळातली वाफ सोडा. श्रावणातल्या दमट हवेत पंपातून पाणी सिलिंडरमध्ये जातं, आतून गंज धरतो आणि रेग्युलेटर (हवेचा दाब ठरावीक ठेवणारा भाग) अडकतो. पावसाळ्यात पंप कोरड्या दिवशी, दुपारी वापरा.

आणि ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: वेल्डिंगवाल्याकडचा किंवा दवाखान्याचा ऑक्सिजन या सिलिंडरमध्ये कधीही भरायचा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि आतलं किंचितसं ग्रीस यांचा स्फोट होतो. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, डब्ल्यूडी-४० यांचा थेंबही आत जाता कामा नये. ओ-रिंगला लावायचं ते कंपनीने सांगितलेलं ग्रीस, तेही बोटावर चमक येईल इतकंच.

दुसरी सकाळ: रेग्युलेटर

सिलिंडरमधली २०० बार हवा थेट पेलेटवर जात नाही. रेग्युलेटर ती ठरावीक कमी दाबावर आणतो, म्हणून पहिला आणि शंभरावा शॉट सारखा बसतो. रेग्युलेटर थकला की शॉट वर-खाली पडतात. मुलाला वाटतं आपलाच श्वास चुकतोय, कोचही महिनाभर पोझिशन सुधारत बसतात आणि दोष रायफलीत असतो.

याची खरी तपासणी क्रोनोग्राफवर, म्हणजे पेलेटचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर होते. क्लबमध्ये किंवा ओळखीच्या नेमबाजाकडे तो असेल तर मागून आणा. एकाच डब्यातल्या पेलेट्सचे दहा शॉट्स सलग मारा आणि वेग लिहा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी वेगात सेकंदाला तीन-चार मीटरपेक्षा जास्त अंतर नको. मग रायफल दहा-पंधरा मिनिटं ठेवून द्या आणि एकच शॉट मारा. तो आधीच्यांपेक्षा सात-आठ मीटरने वेगवान गेला तर रेग्युलेटरची बैठक झिजली आहे: थांबलेल्या वेळात हवा हळूहळू पुढे झिरपते आणि दाब वाढतो.

वेगात सेकंदाला पाच मीटरचा फरक पडला तर काय होतं? दहा मीटरवर पेलेट सुमारे १ मिलिमीटर वर किंवा खाली बसतं. टार्गेटवर दशांश गुणाची प्रत्येक पायरी पाव मिलिमीटरची असते, म्हणजे ०.४ गुण गेले. साठ शॉट्सच्या मॅचमध्ये हे चार-पाच वेळा झालं तरी निकाल बदलतो.

क्रोनोग्राफ मिळाला नाही तर गेजच्या काट्यावर लक्ष ठेवा. दाब साधारण ७० बारच्या खाली जाईपर्यंत शॉट एकाच जागी पडायला हवेत. १२० बारलाच ग्रुप (शॉट्सचा पुंजका) खाली घसरू लागला तर रेग्युलेटर किंवा त्याचं सेटिंग बिघडलेलं आहे.

ब्रीचही (बॅरलचं मागचं तोंड, जिथे पेलेट भरतात) इथेच बघून घ्या. टिश्यू पेपरची बोटभर पट्टी ब्रीचच्या फटीवर ठेवा, पेलेट भरून बॅकस्टॉपकडे (टार्गेटमागे पेलेट अडवणाऱ्या पत्र्याकडे) शॉट मारा. पट्टी उडाली तर ब्रीचची ओ-रिंग संपली आहे. ही ओ-रिंग झिजतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त ती मिळते कुठे, ते विकणाऱ्याकडून लिहून घ्या.

ट्रिगर

मॅच रायफलीचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात बोट मोकळं मागे येतं, मग भिंत लागते आणि त्या भिंतीवर किंचित दाब दिला की शॉट सुटतो. दहा मीटर एअर रायफलला ट्रिगरच्या वजनाची किमान मर्यादा नाही, त्यामुळे अनुभवी नेमबाज तो फार हलका ठेवतात. नव्या मुलासाठी ८० ते १०० ग्रॅमवर ठेवा, नाहीतर बोट लागलं की शॉट जाईल आणि बोट लावायचीच भीती बसेल.

ड्राय फायरवर (पेलेट न घालता) वीस-पंचवीस वेळा ट्रिगर ओढा. भिंत प्रत्येक वेळी एकाच जागी लागली पाहिजे. भिंतीनंतर ट्रिगर घसरल्यासारखा वाटला, किंवा कधी भिंत आली आणि कधी आलीच नाही, तर आतल्या कडा झिजलेल्या आहेत किंवा कुणीतरी स्क्रू फिरवून ठेवले आहेत. मग रायफल रिकामी असल्याची खात्री करा, कॉक करा, नळी बॅकस्टॉपकडे ठेवा आणि बटावर (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या टोकावर) तळहाताने दोन-तीनदा थाप मारा. ट्रिगर आपोआप सुटला तर रायफल तिथेच परत करा. हा दोष भाव कमी करून घेण्यासारखा नाही.

साईट आणि अंगाला बसणं

मागच्या पीपच्या नॉबला ढिलाई राहिलेली असू शकते. क्लिक वाजतो पण आतला भाग हलत नाही. रायफल टेबलावर वाळूच्या पिशवीवर ठेवून पाच शॉट्स मारा. उजवीकडे वीस क्लिक, पाच शॉट्स. वर वीस, पाच शॉट्स. डावीकडे वीस, पाच शॉट्स. खाली वीस, आणि शेवटचे पाच. शेवटचा ग्रुप पहिल्यावर बसला पाहिजे. बसला नाही तर साईट वेगळी विकत घ्यावी लागेल, आणि चांगली पीप साईट स्वस्त नसते.

रायफल मुलाच्या अंगाला बसते का, हे त्याला उभं करूनच कळतं. नियमाप्रमाणे वजन ५.५ किलोपर्यंत चालतं, पण ४० किलोच्या मुलीच्या हातात साडेपाच किलोची रायफल देणं म्हणजे तिची पाठ दुखवणं. जोडलेली वजनं काढून टाका, शक्य असेल तर कमी लांबीचा ज्युनिअर स्टॉक बघा. मुलाने डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल चीकपीसवर (स्टॉकवरच्या गालाच्या टेकूवर) टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. पीपमधून पुढच्या साईटचं वर्तुळ मधोमध दिसत नसेल आणि सगळे स्क्रू फिरवूनही येत नसेल, तर स्टॉक त्याच्या मापाचा नाही. प्रबळ डोळा (नेम धरताना आपोआप पुढे होणारा) कोणता हेही आधी बघा. उजव्या हाताने लिहिणाऱ्या काही मुलांचा डावा डोळा प्रबळ असतो, आणि डाव्या-उजव्या स्टॉकची अदलाबदल प्रत्येक रायफलीत होत नाही.

जॅकेट, ट्राऊझर आणि बूट यांचे पैसे वेगळे काढून ठेवा. सगळं बजेट रायफलीत घालून मुलाला साध्या टी-शर्टवर उभं करण्यापेक्षा एक पायरी खालची रायफल आणि मापाचं जॅकेट कधीही चांगलं.

बॅरल आणि पेलेट

बॅरलसाठी दुपार पुरते. रायफल पिशवीवर पक्की टेकवा, वेगवेगळ्या पेलेट्सचे पाच-पाच शॉट्स मारा. आरडब्ल्यूएस आर१०, एचअँडएन फिनाले मॅच, जेएसबी, क्यूवायएस यांतले जे मिळतील ते घ्या आणि डोक्याचं माप ४.४९, ४.५० असं वेगवेगळं ठेवा. चांगल्या बॅरलचा पाच शॉट्सचा ग्रुप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत साधारण साडेपाच-सहा मिलिमीटरमध्ये येतो. एखाद्या पेलेटने सात-आठ आला तर लगेच बॅरलला दोष देऊ नका, दुसरं माप घालून बघा. सगळ्याच पेलेट्सनी मोठा आला तर नळीच्या तोंडाची कड भिंगाने तपासा, तिथे टवका किंवा शिशाचा थर असेल. साफ करायला फेल्टचे छोटे बोळे ब्रीचकडून घालून मारा. लोखंडी सळई घालू नका.

जे पेलेट बसलं त्याचे डबे एकाच लॉटचे घ्या. डब्यावरचा लॉट नंबर बदलला की ग्रुप बदलू शकतो. ५०० चा डबा रोजच्या सरावात आठवडाभर चालतो, तेव्हा एकदम आठ-दहा डबे मागवलेले परवडतात. पेलेट शिशाचं असतं, सराव झाल्यावर मुलाने हात धुतल्याशिवाय खायचं नाही.

घरचा सराव

वाड्याची ओसरी, गच्चीचा कोपरा, दहा मीटर सरळ मिळेल अशी कुठलीही जागा चालते. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर ठेवा, मागे खाली झुकवलेला जाड लोखंडी पत्रा आणि त्याखाली पेलेट गोळा करायची पेटी. टार्गेटवर झगझगीत एलईडी लावा आणि ती इन्व्हर्टरवर घ्या, लाइट गेली की सराव मोडतो. रायफल हातात नसेल तेव्हा बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅगची (बॅरल रिकामं असल्याचं दाखवणारी) दोरी आरपार घातलेली असावी. शेजारची मुलं डोकावतात तिथे हे फार महत्त्वाचं.

रायफल शेतावर नेऊन पाखरांवर किंवा जनावरांवर चालवायची नाही. मोर, काळवीट, तितर यांना वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू आहे, आणि एक तक्रार झाली की मुलाची नेमबाजी तिथेच संपते.

कागद आणि सौदा

बिलावर रायफलीचा आणि सिलिंडरचा, दोन्ही नंबर लिहून घ्या. परदेशी रायफल असेल तर ती देशात ज्या कागदांवर आली त्यांची प्रत मागा. कागद 'नंतर पाठवतो' म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच द्या. ब्रीच आणि सिलिंडरच्या ओ-रिंग्जचे दोन जादा संच, हवा भरायचा अडॅप्टर, अ‍ॅलन कीचा मूळ सेट आणि पुस्तिका सौद्यातच मागून घ्या. अडॅप्टर कंपनीगणिक वेगळा असतो, आणि तो नसेल तर भरलेला कॉम्प्रेसर समोर असूनही रायफलीत हवा जात नाही.

ओ-रिंगची गळती, हरवलेलं टोपण, जुनं चीकपीस यांवर भाव करा. रेग्युलेटर बिघडला असेल तर दुरुस्तीचा लेखी अंदाज हाती आल्यावरच रक्कम ठरवा. आपोआप सुटणारा ट्रिगर, पोचा पडलेलं सिलिंडर आणि खोडलेला नंबर या तिन्हींपैकी काहीही दिसलं तर रायफल केसमध्ये ठेवा आणि मालकाला परत द्या.